उभ्या गाडीत उंदीर शिरले तर

नाशिकमध्ये नुसत्या उभ्या असलेल्या गाड्यांची कमी नाही. मुलगा पुण्याला किंवा परदेशात नोकरीला, आणि त्याची गाडी गंगापूर रोडच्या बंगल्यात कव्हर घालून. इंदिरानगरच्या सोसायटीत एखादे काका गाडी फक्त लग्नकार्याला बाहेर काढतात. निफाड-दिंडोरीकडे नवीन गाडी आल्यावर जुनी शेडमध्ये जाते आणि तिच्या शेजारी मक्याची पोती रचली जातात. अशी गाडी महिना-दोन महिने जागची हलली नाही की उंदराला कोरडी, अंधारी आणि मांजराला शिरता न येणारी जागा आयती मिळते. फोमच्या सीटा आणि कागदी फिल्टर म्हणजे घरट्याचा कच्चा मालही तिथेच.

हे मार्गदर्शन पहिल्यांदाच हा प्रकार बघणाऱ्यांसाठी आहे. बॉनेट उघडलं, लेंड्या दिसल्या, कापसासारखं काहीतरी कुरतडलेलं दिसलं, आता पुढे काय? बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा विष येतं. माझ्या क्रमात विष सगळ्यात शेवटी आहे, आणि गाडीच्या आत तर कधीच नाही. कारण पुढे येईल. आधी थांबा, मग बघा, मग पकडा, मग साफ करा, मग भोकं बुजवा, हा क्रम मोडला की तेच काम दोनदा करावं लागतं.

चावी फिरवू नका

उत्सुकतेपोटी स्टार्टर मारण्याचा मोह आवरा. उंदराचं घरटं ब्लोअरच्या पंख्यात असेल तर पंखा फिरताच त्याचे तुकडे एसीच्या नळ्यांमध्ये जातात, आणि आत पिल्लं असतील तर पुढच्या आठवड्यात गाडीत बसवणार नाही असा वास येतो. एअर फिल्टरच्या डब्यात कचरा असेल तर इंजिनाला हवा नीट मिळत नाही. एक्झॉस्टच्या गरम भागावर सुकं गवत, चिंध्या आणि फोम साठलेला असेल तर आगीचा धोका खरा आहे. सोललेल्या दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर फ्यूज उडणं हे त्यातल्या त्यात स्वस्त नुकसान. आणि उंदीर फक्त वायर खात नाही, पेट्रोलची रबरी नळीही कुरतडतो.

म्हणून पहिलं काम असं. आधी डिकी आणि चारही दरवाजे उघडून ठेवा, कारण बऱ्याच गाड्यांची डिकी विजेवर उघडते आणि बॅटरी काढल्यावर ती बंदच राहते. मग बॉनेट उघडा, पेट्रोलचा वास येतो का बघा. येत असेल तर तिथेच थांबा आणि मिस्त्रीला बोलवा. वास नसेल तर बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. काळ्या रंगाची, वजा खूण असलेली ती बाजू. टर्मिनल सोडवलेली वायर बॅटरीला परत टेकणार नाही अशी बाजूला वळवून ठेवा.

एक गोष्ट नवखे लोक विसरतात. जिथे उंदीर तिथे त्याच्या मागावर साप येतो. आपल्याकडे धामण तर येतेच, पण नाग आणि घोणसही येतात, विशेषतः मळ्यातल्या शेडमध्ये आणि पावसाळ्यात. आत हात घालण्याआधी टॉर्च मारा, लांब काठीने बॉनेटच्या कडा आणि चाकांमागची जागा ठोकून बघा. साप दिसला तर मागे सरा आणि सर्पमित्राला बोलवा. मिस्त्रीला नको.

आत कोण राहतंय ते ओळखा

लेंड्या बघून बरंच कळतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान, टोकदार असतील, म्हणजे साधारण ३ ते ६ मिलिमीटर, तर ते घरातले छोटे उंदीर. १२ मिलिमीटरच्या पुढे असतील तर मोठा उंदीर. हा फरक महत्त्वाचा आहे. छोटा उंदीर चौकस असतो, नवीन वस्तू दिसली की जाऊन हुंगतो, म्हणून पहिल्या-दुसऱ्या रात्रीच सापळ्यात येतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी पिंजरा दोन-चार दिवस खटका न लावता, नुसतं खाणं ठेवून तसाच सोडावा लागतो. तो बिनघोर येऊन खायला लागला की मग खटका लावायचा.

ओट्याच्या कडेला मातीचा ढीग आणि मोठं बीळ दिसलं तर ती घूस. घूस जमिनीत घर करते; तिचा बंदोबस्त अंगणात करायचा, इंजिनात नाही. आणि चूं-चूं करत भिंतीच्या कडेने पळणारी, उग्र वासाची लांब नाकाची चिचुंद्री असेल तर तिला सोडून द्या. ती किडे खाणारा प्राणी आहे, तुमच्या वायरींमध्ये तिला रस नाही.

उंदीर कुठून चढतो ते शोधायला रांगोळी वापरा. संध्याकाळी चारही चाकांभोवती पांढऱ्या रांगोळीचा पातळ पट्टा टाका. कणीक नको, ती खायला आणखी उंदीर येतील. सकाळी ठशांवरून कळतं की तो कुठल्या चाकावरून वर जातोय. बहुतेक वेळा भिंतीजवळच्या चाकावरून. गाडी भिंतीला चिकटून उभी असेल किंवा वरून जास्वंदाची, बोगनवेलीची फांदी टपावर आली असेल तर ती वाटही बघा.

घाई का करायची तेही सांगतो. छोट्या उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत पिल्लं देते, एका वेळी पाच-सहा किंवा जास्त, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की स्वतः प्रजननाला तयार. दिवाळीला एक जोडी दिसली आणि "पुढच्या वेळी बघू" म्हटलं तर संक्रांतीला तिथे कुटुंब असतं.

कुठे कुठे शोधायचं

इथे वेळ घालवा. एक घरटं सुटलं तर बाकीची मेहनत वाया.

हातमोजे आणि मास्क घालून सुरुवात इंजिनापासून करा. इंजिनावर प्लॅस्टिकचं झाकण असेल तर ते उचला. त्याखाली ऊब टिकते, म्हणून ही उंदराची आवडती जागा. बॅटरीच्या खालचा ट्रे, बॅटरीच्या मागची फट, फ्यूज बॉक्सच्या आसपासची जागा बघा. बॉनेटच्या आतल्या बाजूला लावलेला जाड नमदा कुठे खोदलाय का बघा, कारण घरट्यातला मऊ माल बऱ्याचदा तिथूनच आलेला असतो. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडून आतला कागदी फिल्टर बाहेर काढा. डब्यात शेंगांची टरफलं, सुपारीचे तुकडे, एकदा तर अख्खी बोरं साठवलेली मी पाहिली आहेत.

मग काचेखाली, वायपरच्या बुडाशी असलेली प्लॅस्टिकची जाळी. बाहेरची हवा एसीत इथून जाते, आणि उंदीरही. पुढचा मुक्काम केबिन फिल्टर, ज्याला गॅरेजवाले एसी फिल्टर म्हणतात. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबकळतो आणि मागे एक आडवं झाकण दिसतं. काही जुन्या आणि बेसिक मॉडेलांत फिल्टरच नसतो, नुसती रिकामी जागा असते. तिथे ब्लोअरपर्यंतचा रस्ता मोकळा. फिल्टर बाहेर काढून त्याच्या जागेत टॉर्च मारा. ब्लोअरच्या पंख्यात चिंध्या दिसल्या तर ब्लोअर खाली उतरवून साफ करावा लागेल. बऱ्याच गाड्यांत तीन-चार स्क्रूचं काम असतं, पण हात बसलेला नसेल तर मिस्त्रीवर सोडा.

केबिनमध्ये मॅट उचला, सीटखाली बघा. मागच्या सीटची बसायची गादी बहुतेक गाड्यांत पुढची कड वर ओढली की निघते. तिच्या खालच्या बाजूला फोम कोरून केलेली खोली सापडते. मग डिकी: स्टेपनीचा खड्डा, जॅक ठेवायचा कप्पा, मागच्या दिव्यांमागची पोकळी.

सीटबेल्टकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. पाचही बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून दोन्ही बाजूंनी बघा. कुरतडलेला बेल्ट शिवून वापरायचा नसतो, पूर्ण बदलायचा.

घरटं सापडलं की लगेच ओढू नका. मोबाइलवर फोटो काढा. विम्याच्या कामाला लागतील, आणि पुन्हा कुठून सुरू झालं हे पुढच्या वेळी ओळखायलाही.

पकडायचं कसं

घरात चालणारा साधा जाळीचा पिंजरा आणि लाकडी पट्टीचा चाप, या दोनच वस्तू पुरतात. चाप छोट्या उंदरासाठी, पिंजरा मोठ्यासाठी. ज्यांच्या घरी उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन, मारायचा नाही, त्यांनी दोन्हीकडे पिंजराच वापरावा. काम जरा हळू होतं, पण होतं.

जागा निवडणं हे खरं कौशल्य. उंदीर मोकळ्या जागेतून पळत नाही, भिंतीला अंग घासत जातो. चाप भिंतीला काटकोनात, खाण्याचं टोक भिंतीकडे करून ठेवायचा. छोटा उंदीर घरट्यापासून फार लांब जात नाही, दहा-पंधरा पावलांच्या आतच फिरतो, म्हणून एकच सापळा दाराशी ठेवून भागत नाही. प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला एक, भिंतीलगत दोन, आणि आत वावर असेल तर पुढच्या सीटखाली मॅटवर एक. इंजिनाच्या आत चाप ठेवू नका. खटका पडून चाप घसरला तर बेल्टमध्ये किंवा रेडिएटरच्या पंख्यात अडकतो, आणि कोणीतरी विसरतंच.

आमिष म्हणून चीज वगैरे फक्त कार्टूनमध्ये. आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट आणि गूळ एकत्र मळून केलेली गोळी उत्तम. भज्याचा तुकडा, सुकट किंवा सुक्या बोंबिलाचा तुकडाही चालतो. तुकडा नुसता ठेवला तर उंदीर अलगद उचलून नेतो. दोऱ्याने खटक्याला बांधा. गोळी हरभऱ्याएवढीच हवी. पोटभर ठेवली तर सापळ्यात न अडकता जेवून जाणं त्याला जमतं.

सापळा रोज सकाळी बघायचा. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर रस्त्यापलीकडच्या प्लॉटमध्ये सोडण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. शंभर-दीडशे मीटरवर सोडलेला उंदीर परत येऊ शकतो, आणि नाही आला तर शेजाऱ्यांकडे जातो. सोडायचाच असेल तर वस्ती आणि गोठ्यापासून बऱ्याच लांब. चापात मेलेला उंदीर हातमोज्याने उचलून खोल पुरा. घंटागाडीत द्यायचा झाला तर दोन पिशव्यांमध्ये घट्ट बांधून.

सलग आठवडाभर सापळे रिकामे राहिले आणि रांगोळीत ठसा उमटला नाही की गाडी मोकळी झाली असं धरा. त्याआधी भोकं बुजवली तर आतला उंदीर आतच कोंडला जातो आणि बाहेर पडायला नवीन वायर कापतो.

चिकट पॅड मला पटत नाहीत. उंदीर त्यावर तासन् तास तडफडतो, मूतून सगळं घाण करतो, आणि पॅडवर पाल, चिमणी, एखादं मांजराचं पिल्लूही अडकतं.

विषाबद्दल

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक काळी भुकटी, झिंक फॉस्फाईडची, तिला लसणासारखा वास असतो. पोटात गेली की आम्लाशी मिसळून फॉस्फिन वायू तयार होतो, आणि यावर ठरावीक उतारा नाही. लहान मूल किंवा कुत्रं घरात असेल तर ती घरात आणूच नका. दुसरा प्रकार निळ्या-हिरव्या रंगाच्या वड्या, ब्रोमाडिओलोनच्या. त्या रक्त गोठू देत नाहीत आणि उंदीर काही दिवसांनी मरतो.

काही दिवसांनी, आणि कुठेतरी. अडचण तिथेच आहे. विष खाल्लेला उंदीर बाहेर जाऊन पाणी पिऊन मरतो हे पुष्कळ ऐकायला मिळतं, पण त्यावर विसंबू नका. तो आपल्या घरट्यात मरतो, आणि घरटं तुमच्या डॅशबोर्डमागे आहे. डॅशबोर्ड उतरवणं म्हणजे गॅरेजमध्ये दोन दिवस आणि परत बसवल्यावर कायमची खडखड. शिवाय विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने किंवा शेजारच्या मांजराने खाल्ला तर ते विष त्यांच्याही पोटात जातं, आणि तुमच्या मळ्यातला सगळ्यात चांगला उंदीर पकडणारा तुम्हीच गमावता.

मळ्यात धान्यासाठी ठेवलेल्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या गाडीत टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. हवेतल्या दमटपणानेच त्यातून फॉस्फिन सुटतो. बंद गाडीत, बंद शेडमध्ये हा वायू माणसाचा जीव घेतो. त्यांच्या विक्रीवर आणि वापरावर निर्बंध आहेत ते याचसाठी.

अंगणात उंदीर फारच झाले असतील तर बंद डब्यात, ज्यात मूल किंवा कुत्रं तोंड घालू शकणार नाही अशा डब्यात वड्या ठेवता येतात, गाडीपासून लांब, बिळांच्या जवळ. कोणी चुकून खाल्लीच तर वेष्टन घेऊन थेट दवाखाना गाठा. ब्रोमाडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण डॉक्टरला औषधाचं नाव कळायला हवं.

साफसफाई: ओली, कोरडी नाही

झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर बाजूला ठेवा. उंदराची वाळलेली लेंडी आणि मूत झाडलं की धूळ होऊन नाकातोंडात जातं. आपल्याकडे मुख्य भीती लेप्टोस्पायरोसिसची. उंदराच्या मुतातून येणारे हे जंतू हाताच्या जखमेतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात शिरतात. पावसाळ्यात ओल असते तेव्हा धोका वाढतो.

गाडी उन्हात, सगळे दरवाजे उघडून अर्धा तास ठेवा. रबरी हातमोजे, मास्क, पायात बूट. द्राक्षबागेत फवारणीला वापरतात तसा चांगला मास्क घरात असेल तर तोच घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण ताजं तयार करून लेंड्या आणि घरट्यावर भिजेपर्यंत शिंपडा, पाच मिनिटं थांबा, मग कागदाने उचलून पिशवीत टाका. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. ब्लीच मॅट, रबर आणि डिकीच्या पत्र्यावर चालतं, पण नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर पत्रा गंजतो. कापडी सीटवर त्याचे डाग पडतात. तिथे आणि इंजिनात, वायरींच्या आसपास, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पातळ केलेलं जंतुनाशक कपड्याला लावून पुसा. इंजिनावर पाण्याचा प्रेशर मारायला वॉशिंग सेंटरला लगेच नेऊ नका. सोललेल्या वायरी असताना पाणी मारणं म्हणजे नवीन दुखणं.

केबिन फिल्टर आणि कागदी एअर फिल्टर धुऊन वापरू नका, बदला. स्वस्त वस्तू आहेत. कोरलेल्या सीटला मुताचा वास मुरला असेल तर फक्त परफ्यूमने तो जाणार नाही. कव्हर काढून फोमचा तेवढा भाग कापून नवीन लावावा लागतो. आपल्याकडचे सीट कव्हरवाले हे काम सहज करतात.

साफसफाईनंतर पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना "उंदराची घाण साफ केली होती" हे आठवणीने सांगा. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

वायरिंग आणि पहिला स्टार्टर

गाडीच्या वायरी सोयाबीनच्या प्लॅस्टिकच्या असतात म्हणून उंदीर खातात, असं हल्ली खूप बोललं जातं. अमेरिकेत यावरून वाहन कंपन्यांवर खटलेही झाले. पण उंदीर त्याच्या फार आधीपासून वायरी कुरतडत आलाय. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि वायरीचं मऊ आवरण चावायला सोयीचं असतं. तुमची गाडी जुनी आहे म्हणून ती सुरक्षित, असं समजू नका.

चांगल्या उजेडात हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बोटाने चाचपत शेवटपर्यंत बघा. इंजेक्टरच्या वायरी, ऑक्सिजन सेन्सरची, चाकांजवळ जाणारी एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) बारीक वायर, पेट्रोलच्या आणि पाण्याच्या रबरी नळ्या, खाली ब्रेकच्या रबरी नळ्या. काळी टेप गुंडाळून काम झालं असं म्हणणाऱ्या वायरमनकडे जाऊ नका. वायर कापून, सोल्डर करून त्यावर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवायला हवी. एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टणातल्या वायरींना घरी हात लावू नका. इलेक्ट्रिक किंवा हायब्रीड गाडीतल्या केशरी जाड केबलींनाही नाही. त्यांत विजेचा जीवघेणा दाब असतो, ते काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाचं.

दुरुस्तीआधी विम्याची पॉलिसी काढून बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर उंदराच्या नुकसानीबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा, कंपनीला आधी कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत वायर जोडू नका. मात्र हिशेब करा. क्लेम न घेतल्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि क्लेम घेतला की तो गेला. दोन-तीन वायरींच्या जोडकामासाठी क्लेम करणं परवडत नाही. अख्खा हार्नेस बदलायचा असेल तर गोष्ट वेगळी.

सगळं झालं की बॅटरी जोडा, पहिल्यांदा फक्त इग्निशन ऑन करून डॅशबोर्डचे दिवे बघा, पंप सुरू झाल्यावर खाली पेट्रोल गळत नाही ना ते बघा, ब्रेक पेडल दाबून ते कडक लागतंय का बघा. मग स्टार्ट. एक माणूस बॉनेटपाशी उभा हवा. चेक इंजिनचा किंवा एबीएसचा दिवा पेटलेला राहिला तर स्कॅनर लावून बघितल्याशिवाय घाटात गाडी नेऊ नका.

परत येऊ नये म्हणून

छोट्या उंदराला साधारण ६ मिलिमीटरची फट पुरते. जिथून पेन्सिल आत जाते तिथून तो जातो. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून त्याहून बारीक छिद्रांची, स्टेनलेस स्टीलची जाळी आणा. गॅल्व्हनाइज्ड जाळी कालांतराने गंजते. वायपरखालच्या हवेच्या वाटेवर आणि एअर फिल्टरच्या तोंडावर जाळीचा तुकडा कापून बसवा. कडा दुमडा, नाहीतर त्या दुसरी वायर कापतील. इंजिनातून केबिनमध्ये वायरी जातात तिथल्या रबरी बुचाला भोक पडलं असेल तर नवीन बूच टाका. भांडी घासायची स्टीलची घासणी फटीत कोंबायची युक्ती घराच्या भिंतीला ठीक आहे, वायरींजवळ नको. ती वीजवाहक आहे.

गाडी बंद करून ठेवण्याआधी एसीचं बटण आतली हवा फिरवण्याच्या खुणेवर ठेवून मग इंजिन बंद करा. बाहेरच्या हवेची झडप लागून राहते आणि केबिनकडची वाट अडते.

मिस्त्री इंजिनात तंबाखूच्या पानांची जुडी बांधतात. काही दिवस तिचा उपयोग होत असेल, पण वास उडाला की उंदीर त्याच पानांवर झोपतो. पेपरमिंटचं तेल, कापूर, फिनेल यांचंही तेच. डांबराच्या गोळ्या बंद केबिनमध्ये ठेवू नका. त्या वाफा माणसाला, विशेषतः लहान मुलांना, वाईट. आवाजाने उंदीर पळवणाऱ्या यंत्रांना उंदीर सरावतात, त्यांच्यावर पैसे घालवायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मिरचीच्या अर्काची टेप मात्र विचार करण्यासारखी आहे. होंडा कंपनी अशी टेप सुट्या भागांत विकते. दुरुस्त केलेल्या वायरींवर ती गुंडाळली तर पुन्हा तोंड लावणं कमी होतं. गुंडाळल्यावर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

या सगळ्यापेक्षा जास्त उपयोग गाडी हलवण्याचा. दर आठ-दहा दिवसांनी कोणीतरी गाडी बाहेर काढून अर्धा तास चालवावी, नुसती जागेवर चालू ठेवू नये. बॅटरी चार्ज होते, टायर सपाट बसत नाहीत, आणि घरटं बांधायला लागणारी शांतता उंदराला मिळत नाही. शेजाऱ्याला किल्ली द्यायची नसेल तर ओळखीच्या ड्रायव्हरला महिन्याचे ठरवून द्या. तेही जमत नसेल तर निदान बॉनेट रात्री उघडं ठेवून वर एक बल्ब लावा; अंधार गेला की जागेचं आकर्षण कमी होतं. शेडला कुलूप असेल तरच हे करा.

कव्हर जमिनीला टेकू देऊ नका. टेकलेलं कव्हर म्हणजे उंदराला आडोसा. गाडी भिंतीपासून हातभर लांब ठेवा. शेडमध्ये मका, सोयाबीन, कुत्र्याचं खाणं, पक्ष्यांचे दाणे असतील तर ते पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात हलवा. कांद्याच्या चाळीशेजारी गाडी लावणार असाल तर चाळीखालची अडगळ आधी काढा. आणि गाडीच्या आतून प्रवासात सांडलेला चिवडा, बेदाणे, दाराच्या कप्प्यातला प्रसादाचा खडीसाखरेचा पुडा, लहान मुलांच्या सीटमधला बिस्किटाचा चुरा सगळं काढा. चिवड्याचा एक घासही उंदराला पुरतो.

नाशिकमध्ये वर्षातून तीनदा नीट तपासणी करा. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस पडला की बिळांत पाणी शिरतं आणि उंदीर उंच कोरड्या जागा शोधतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या भागात भातकापणी झाली की शेतातले उंदीर वस्तीकडे सरकतात, दिवाळीच्या सुमाराला. आणि डिसेंबर-जानेवारीत, निफाडच्या कुंदेवाडीचा पारा दहाच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा, नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचं गरम इंजिन त्यांना हवंहवंसं वाटतं. शहरात २०२७ च्या सिंहस्थासाठी तुमच्या गल्लीत खोदकाम निघालं तर त्या आठवड्यात चौथी तपासणी.

गाडी लांब मुदतीसाठी ठेवणार असाल तर सायलेन्सरच्या तोंडाला जाळी लावा आणि तिला लाल फडकं बांधा. जिथे जिथे जाळी, बूच किंवा सापळा ठेवलाय त्याची यादी कागदावर लिहून स्टेअरिंगला चिकटवा: सायलेन्सर, एअर फिल्टर, सीटखालचा चाप, बॅटरी सुटी. सहा महिन्यांनी गाडी काढणारा माणूस बहुधा तुम्ही नसाल.